उद्धरणांचा आकडा आणि रुग्णाचा लाभ : हृदय व फुप्फुसांच्या संशोधनातील प्रभावाचा आढावा

वैद्यकीय संशोधकाचे काम किती मोलाचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या अर्धशतकात हळूहळू आकड्यांत दिले जाऊ लागले आहे. एखाद्या शोधनिबंधाचा आधार पुढच्या शोधनिबंधांनी किती वेळा घेतला आणि आपल्या संदर्भसूचीत त्याची नोंद किती वेळा केली, याची मोजणी म्हणजे उद्धरणसंख्या. संशोधकांच्या रोजच्या बोलण्यात तिला सरळ सायटेशन्स म्हणतात. प्राध्यापकाची बढती, प्रकल्पाचे अनुदान, पुरस्काराची शिफारस आणि दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकणारी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी, या सर्वांच्या मुळाशी हीच मोजणी असते. हृदयविकार आणि फुप्फुसांचे विकार ही या मोजणीची पारख करण्यास विशेष सोयीची क्षेत्रे आहेत, कारण तेथे संशोधनाची अखेरची कसोटी संदिग्ध नाही: झटका आलेला रुग्ण जगला की नाही, धाप लागलेल्या माणसाला श्वास घेता आला की नाही, हे नोंदवून ठेवता येते. त्यामुळे उद्धरणांचा आकडा आणि रुग्णाच्या पदरात पडलेला लाभ यांचा मेळ कोठे बसतो आणि कोठे बसत नाही, हे ताडून पाहता येते. मेळ न बसण्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांमागची कारणे योगायोगाची नसून शोधनिबंधाच्या जातीत दडलेली आहेत.

मोजणीची कल्पना मुळात मूल्यमापनासाठी निघालेली नव्हती. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठी उद्धरण-सूची तयार करण्याची योजना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर वकिलांसाठी एकोणिसाव्या शतकापासून निघणाऱ्या ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या सूचीचा नमुना होता. एखादा जुना निवाडा पुढच्या खटल्यांत ग्राह्य धरला गेला की फिरवला गेला, हे त्या सूचीवरून कळत असे. एखाद्या जुन्या निष्कर्षाचे पुढे काय झाले हे संशोधकाला चटकन शोधता यावे, एवढाच गारफील्ड यांचा मूळ उद्देश होता. त्यांनी फिलाडेल्फियात संस्था काढून सूची छापण्यास सुरुवात केली आणि सूची हाती आल्यावर तिच्यावरून नियतकालिकांची प्रतवारी लावण्याचा मोह आवरणे कोणालाच जमले नाही. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे सांगणारा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ याच सूचीतून निघाला. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी व्यक्तीसाठी एच-निर्देशांक सुचवला: ज्या संशोधकाच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे आहेत, त्याचा एच-निर्देशांक वीस. हा आकडा काढायला सोपा, समजावायला सोपा आणि आयुष्यात कधीही कमी न होणारा असल्यामुळे निवड समित्यांना तो फार मानवला. यात एक गोष्ट मात्र निसटली. शेपर्डच्या सूचीत जुना निवाडा पुढे उचलून धरला गेला की अमान्य झाला याचीही खूण असे. विज्ञानाच्या सूचीत ती खूण राहिली नाही, आणि दुजोरा व खंडन या दोन्हींची किंमत सारखीच एक अशी झाली.

उद्धरणे कशी साचतात हे समजून घेण्यासाठी एका मोठ्या संशोधकाची कारकीर्द बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते, आणि त्या दृष्टीने डॉ. सलीम यूसुफ यांच्याइतके बोलके उदाहरण हृदयरोगशास्त्रात क्वचितच सापडेल. केरळातील कोट्टारक्करा येथे १९५२ मध्ये जन्मलेले, बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले यूसुफ ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आणि १९९२ पासून कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी काम केले. २०११ या वर्षी जगातील सर्वाधिक उद्धृत संशोधकांत त्यांची गणना दुसऱ्या क्रमांकावर झाली होती. हा क्रमांक त्यांच्या नावापुढे नेहमी लिहिला जातो. तो कोणत्या प्रकारच्या लेखनातून आला, हे सांगण्याची तसदी सहसा घेतली जात नाही.

ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड पीटो, रॉरी कॉलिन्स आणि पीटर स्लाइट यांच्याबरोबर काम करताना यूसुफ यांच्या हाती दोन कल्पना आल्या. पहिली अशी की, हृदयविकारावरील बहुतेक उपचारांचा लाभ मध्यम स्वरूपाचा, म्हणजे मृत्यू पाव-पंचमांशाने कमी करणारा असतो, आणि शे-दोनशे रुग्णांच्या चाचणीत असा लाभ नशिबाच्या चढउतारात बुडून जातो. म्हणून चाचणीची पद्धत सोपी ठेवून रुग्णसंख्या मात्र हजारोंच्या घरात न्यावी. १९८४ मधील त्यांच्या निबंधाचे शीर्षकच मोठ्या आणि साध्या चाचण्या का हव्यात, हे विचारणारे होते. दुसरी कल्पना म्हणजे आधी झालेल्या लहान चाचण्यांचे निकाल एकत्र करून त्यांचा एकत्रित हिशेब मांडणे, ज्याला आज मेटा-ॲनालिसिस म्हणतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर गटाची औषधे दीर्घकाळ दिल्यास मृत्यू वीस टक्क्यांहून अधिक कमी होतात, हे १९८५ मध्ये त्यांच्या गटाने अशा हिशेबातून दाखवले. वेगवेगळ्या चाचण्यांपैकी अनेकींनी स्वतंत्रपणे काहीच ठामपणे सांगितले नव्हते.

मोठ्या चाचणीचे सामर्थ्य याच ऑक्सफर्ड गटाच्या ‘आयसिस-२’ या १९८८ मधील अभ्यासात सर्वांत स्पष्ट दिसते. झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांना, ४१७ रुग्णालयांत, चिठ्ठी टाकून ठरवावे तसे यादृच्छिक पद्धतीने चार गटांत वाटण्यात आले: काहींना रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, काहींना ॲस्पिरिन, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींऐवजी निष्क्रिय औषध. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू दोन्ही औषधे मिळालेल्यांत ८.० टक्के, तर एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के होते. रुग्णांचे लहान उपगट पाडून निष्कर्ष काढण्याची हौस किती फसवी असते हे दाखवण्यासाठी संशोधकांनी रुग्णांची पाश्चात्त्य पद्धतीच्या जन्मराशींनुसारही विभागणी करून दाखवली, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो असा निकाल त्यातून निघाला. गंभीर वैद्यकीय निबंधातील ही थट्टा सांख्यिकीच्या वर्गांत आजही सांगितली जाते. येथे महत्त्वाची गोष्ट निराळी आहे: या निबंधावर लेखक म्हणून कोणा व्यक्तीचे नाव नाही, संपूर्ण सहयोगी गटाचे नाव आहे. लक्षावधी रुग्णांच्या उपचारांवर परिणाम करणारा हा निबंध एच-निर्देशांकाच्या हिशेबात कोणाच्या खात्यावर टाकायचा, याचे सरळ उत्तर नाही.

यूसुफ यांच्या पुढच्या कामात शोधनिबंधांच्या बहुतेक सगळ्या जाती आढळतात. हृदयाची पंप करण्याची शक्ती क्षीण झालेल्या २,५६९ रुग्णांवरील ‘सॉल्व्हड’ चाचणीने (१९९१) एनालॅप्रिल हे औषध मृत्यू कमी करते हे दाखवले. ९,२९७ रुग्णांवरील ‘होप’ चाचणीने (२०००) रॅमिप्रिल घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १४.० टक्क्यांवर आल्याचे दाखवले. याच होप चाचणीत ई-जीवनसत्त्वाचीही परीक्षा झाली होती आणि त्याचा काहीही उपयोग आढळला नाही. दुकानात हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयीचा हा नकारात्मक निष्कर्ष लोकांच्या पैशाच्या दृष्टीने कमी मोलाचा नव्हता, तरी औषधकंपन्यांच्या प्रचारात त्याला जागा मिळणे शक्य नव्हते आणि रॅमिप्रिलच्या निकालाचा गाजावाजा त्याच्या वाट्याला आला नाही.

त्यानंतर आलेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने (२००४) प्रश्नच बदलला. ५२ देशांतील पहिलाच झटका आलेल्या १५,१५२ रुग्णांची झटका न आलेल्या १४,८२० व्यक्तींशी तुलना करून असा निष्कर्ष निघाला की, धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी या नऊ घटकांनी पुरुषांमधील सुमारे ९० आणि स्त्रियांमधील सुमारे ९४ टक्के धोक्याचा उलगडा होतो. भारतीयांच्या हृदयविकारामागे काहीतरी गूढ, आनुवंशिक कारण असले पाहिजे, अशी जी समजूत डॉक्टरांतही पसरली होती तिला यामुळे बराच हादरा बसला. याच माहितीतून दक्षिण आशियाचे वेगळे विश्लेषण २००७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतरत्र ५८.८ व्या वर्षी, आणि हा फरक बहुतांशी त्याच नऊ घटकांनी, ते लहान वयातच जमा झाल्यामुळे, समजतो, असे त्यात मांडले होते. महाराष्ट्रातील डॉक्टराच्या दृष्टीने मूळ जागतिक निबंधापेक्षा हा दुसरा निबंध अधिक उपयोगाचा आहे. चाळिशीतल्या रुग्णाची छातीतली कळ पित्ताची म्हणून सोडून देऊ नये, हे त्यातून कळते. उद्धरणांत मात्र पहिला निबंध कितीतरी पुढे आहे, कारण जगभरचा कोणताही लेखक आपल्या प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात त्याचाच हवाला देतो. उद्धरणांचा मोठा भाग असा प्रस्तावनेतल्या औपचारिक हवाल्यांतूनच जमत असतो, ही गोष्ट मोजणीच्या समर्थकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवी.

यूसुफ यांचीच आणखी एक मालिका उद्धरणाचा वेगळाच स्वभाव दाखवते. ‘प्युअर’ या दीर्घकालीन अभ्यासातील १८ देशांच्या १,३५,३३५ लोकांच्या आहाराचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पिष्टमय पदार्थांचे अधिक प्रमाण जास्त मृत्यूंशी, तर मेदाचे अधिक प्रमाण कमी मृत्यूंशी निगडित आढळले. हा अभ्यास केवळ निरीक्षणाचा होता. गरीब देशांत ज्यांच्या ताटात भात-भाकरीखेरीज फारसे काही नसते त्यांच्या गरिबीचाच परिणाम पिष्टाच्या नावावर टाकला गेला असावा, असा आक्षेप पोषणशास्त्रातील अनेकांनी घेतला. मिठाच्या प्रमाणाविषयीच्या याच मालिकेतील निष्कर्षांवरही असेच वाद झाले. या निबंधांना पुष्कळ उद्धरणे मिळाली आहेत आणि त्यांतली बरीच विरोधातून आलेली आहेत. वाद उपस्थित करणे हे संशोधनाचे कामच आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. पण सर्वाधिक उद्धृत म्हणजे सर्वाधिक मान्य, हा अर्थ वर्तमानपत्री बातमीत हमखास शिरतो, आणि तो चुकीचा आहे.

फुप्फुसांच्या क्षेत्राकडे वळले की मोजणीतली असमानता आणखी ठळक होते. या क्षेत्राशी जोडलेल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक कोणत्याही रोगाविषयी नाही. सांख्यिकीतज्ज्ञ मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो लिहिला. दम्याच्या रुग्णाला छाती भरून श्वास घ्यायला लावून जोराने फुंकायला सांगतात आणि हवा बाहेर पडण्याचा कमाल वेग एका नळीवजा यंत्रावर वाचतात; या यंत्राचा मोठा आणि छोटा असे दोन प्रकार तेव्हा वापरात होते. ब्लँड यांनी आपले सहकारी आणि घरची मंडळी मिळून १७ जणांना दोन्ही यंत्रांत फुंकायला लावले. दोन्ही यंत्रांच्या आकड्यांतला सहसंबंध ०.९४ इतका, म्हणजे रूढ पद्धतीने उत्तम म्हणावा असा निघाला, पण एकाच माणसाबाबत छोट्या यंत्राचा आकडा मोठ्यापेक्षा मिनिटाला सुमारे ८० लिटरने कमी किंवा ७५ लिटरने जास्त असू शकतो, हेही त्याच आकड्यांतून दिसले. ज्या रुग्णाचा वेग तीनशेच्या आसपास आहे, त्याच्या बाबतीत एवढी तफावत म्हणजे औषध वाढवावे की नाही याचा निर्णयच उलटणे होय. दोन यंत्रे एकमेकांशी जुळतात का, हे सहसंबंधाने कळत नाही, फरकांचा आलेख काढून पाहावे लागते, हा साधा मुद्दा लेखकांनी या सतरा जणांच्या फुंकरीवर सिद्ध केला. रक्तातील साखरेपासून डोळ्यातील दाबापर्यंत काहीही मोजणारा प्रत्येक जण हा निबंध उद्धृत करत असल्यामुळे त्याची उद्धरणे हजारोंच्या पटीत गेली आहेत. पद्धती सांगणारे निबंध, व्याख्या ठरवणारे निबंध आणि उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे यांना नेहमीच असा वाटा मिळतो. हृदयविकाराच्या झटक्याची सार्वत्रिक व्याख्या किंवा फुप्फुसाची क्षमता मोजण्याची प्रमाणित पद्धत यांचे लेखक-मंडळ त्या-त्या वर्षी सर्वाधिक उद्धृतांच्या यादीत दिसते. हे काम आवश्यक आहे, पण ते नवा शोध लावण्याच्या कामाशी एकाच तराजूत तोलले जाते.

हृदय आणि फुप्फुस या दोन शेजारच्या अवयवांच्या संशोधनालाही सारखी उद्धरणे मिळत नाहीत. हृदयरोगावर औषधे आणि उपकरणे बनवणाऱ्या उद्योगाचा पैसा मोठा, मृत्यू आणि झटका यांसारखे निकष मोजायला सरळ आणि संशोधकांची संख्या प्रचंड. श्वसनरोगांत रोगाची तीव्रता मोजणेच कठीण, रुग्ण बहुसंख्येने गरीब देशांतले, आणि लिहिणारे कमी. म्हणून दोन विभागांतल्या प्राध्यापकांचे एच-निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करणे हा अन्याय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तो रोज होत असतो. अपवादही आहेत. लंडनचे पीटर बार्न्स हे श्वसनशास्त्रातील अत्यंत उद्धृत संशोधक असून, पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांच्याबरोबर त्यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला आढावा या क्षेत्रात वळण देणारा ठरला. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाऊन धाप लागणारा विकार, हा विडी-सिगारेटचा आजार म्हणूनच पाठ्यपुस्तकांत शिकवला जात असे. साळवी आणि बार्न्स यांनी दाखवून दिले की, या विकाराच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलेच नसावे, आणि जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी असले तर लाकूड, गोवऱ्या व काटक्यांच्या धुरात वावरणारे सुमारे तीनशे कोटी आहेत. खेड्यातील चुलीपुढे बसलेल्या बाईला खोकला का येतो, हे तिच्या घरच्यांना ठाऊक होते; ते वैद्यकीय साहित्याच्या मुख्य प्रवाहात ठळकपणे नोंदले जायला २००९ साल उजाडावे लागले.

मोठा परिणाम आणि माफक उद्धरणे, ही जोडी क्षयरोगाच्या इतिहासात वारंवार भेटते. मद्रासच्या क्षयरोग रासायनिक उपचार केंद्राने १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक प्रदीर्घ वृत्तांत प्रसिद्ध केला. शहरातील गरीब वस्त्यांतल्या १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात ठेवून एकच औषधे देण्यात आली, आणि घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण जवळपास तितकेच निघाले; घरातल्यांना होणाऱ्या संसर्गातही वाढ आढळली नाही. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार यांवर उभी असलेली सॅनिटोरियमची सबंध व्यवस्था या एका अभ्यासाने अनावश्यक ठरवली. मिरज, औंध, शिवडी येथील क्षय रुग्णालयांच्या दाराशी खाटेसाठी ताटकळणाऱ्या कुटुंबांना याचा अर्थ काय होता, हे सांगण्याची गरज नाही. निबंधावर लेखक म्हणून केंद्राचेच नाव आहे. पुढे घरी औषध देणे इतके सर्वमान्य झाले की त्यासाठी कोणाचा हवाला देण्याची गरजच उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ज्ञान सर्वत्र मुरल्यामुळे मूळ स्रोत पुसला जाण्याच्या या प्रक्रियेची नोंद केली आहे. १९२९ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवून क्ष-किरण चित्र काढले आणि त्यावर निबंध लिहिला. १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले तेव्हा ते हृदयरोग सोडून मूत्ररोगाचा व्यवसाय करत होते. आज तालुक्याच्या ठिकाणीही अँजिओग्राफी होते, आणि तिच्याविषयी लिहिणारा लेखक फोर्समान यांचा हवाला देत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम वकील यांची कहाणीही याच जातीची आहे. सर्पगंधेच्या मुळाने रक्तदाब उतरतो, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच भारतीय नियतकालिकात लिहिले होते, पण ते परदेशात कोणी वाचले नाही. वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, आणि तेथून बॉस्टनपर्यंत चक्रे फिरली, १९५२ मध्ये स्विस कंपनीने मुळातील रेसर्पिन वेगळे काढले, आणि उच्च रक्तदाबावरील उपचारांनी रुग्णाचे रक्षण होते हे प्रथम नियंत्रित पद्धतीने सिद्ध करणाऱ्या १९६७ च्या अमेरिकी चाचणीतील तीन औषधांत रेसर्पिन होते. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. एकच निरीक्षण कोठे छापले गेले यावर त्याचे भवितव्य ठरते, हे १९३१ आणि १९४९ या दोन निबंधांच्या नशिबातील फरकाने दाखवून दिले, आणि नियतकालिकाच्या नावावरून निबंधाची किंमत करण्याच्या आजच्या सवयीचे मूळही तेथेच आहे. त्यानंतर सहा दशकांनी, डिसेंबर २०११ मध्ये, मुंबईच्याच हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, चाचणी केलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या अवघ्या चार रुग्णांविषयी लहानसे पत्र प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेली ‘पूर्णतः औषधप्रतिरोधक’ ही संज्ञा सरकारने नाकारली, जागतिक आरोग्य संघटनेनेही ती व्याख्या म्हणून स्वीकारली नाही. तरी काही पानांच्या त्या पत्राने खासगी दवाखान्यांतून बेशिस्तपणे लिहिल्या जाणाऱ्या क्षयाच्या औषधांचा विषय देशाच्या चर्चेत आणला. त्याला उद्धरणेही भरपूर मिळाली, तेव्हा आकडा आणि परिणाम यांची गाठ कधी पडतच नाही, असे म्हणणे अतिरेकाचे होईल.

आकडा सरळसरळ दिशाभूल करतो, अशीही उदाहरणे हृदयरोगशास्त्रात आहेत आणि ती किरकोळ नाहीत. अस्थिमज्जेतील पेशी टोचल्यास झटक्याने मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा वाढतो, असे २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात म्हटले होते आणि त्यावर जगभर उद्धरणांचा पाऊस पडला. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांना तसे काही आढळले नाही, तरी पुढची अनेक वर्षे या कल्पनेवर निबंध आणि रुग्णांवरील चाचण्या चालूच राहिल्या. या क्षेत्राचे अग्रणी पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेतील ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने २०१८ मध्ये केली. उद्धरणसंख्या मोठी असल्यामुळेच शंका घेणाऱ्यांचा आवाज दबला, असे येथे म्हणावे लागते; मोजणी केवळ आंधळी राहिली नाही, तिने चूक टिकवून धरली.

कोविडच्या काळात उद्धरणांचा आकडा आणि रुग्णाचा लाभ यांतला हाच फरक काही दिवसांच्या अंतराने पाहायला मिळाला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रुग्णांच्या माहितीवर आधारलेला म्हणून ‘लॅन्सेट’ने २२ मे २०२० रोजी छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध, ती माहिती कोणालाही पडताळून पाहू दिली जात नाही हे उघड झाल्यावर, ४ जून रोजी मागे घेण्यात आला, दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही काळ थांबवली होती. मागे घेतल्यानंतरही त्या निबंधाचा हवाला लेखक देतच राहिले, कित्येकदा तो रद्द झाल्याचा उल्लेखही न करता. १६ जून रोजी ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केले की, व्हेंटिलेटरवरील रुग्णांना डेक्सामेथासोन हे जुने आणि अतिशय स्वस्त औषध दिल्यास मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. निबंध छापून येण्यापूर्वीच ते जगभर वापरात आले. तेव्हा त्याची उद्धरणसंख्या शून्य होती. मोठी आणि साधी चाचणी हे सूत्र यूसुफ, कॉलिन्स आणि पीटो यांनी १९८४ मध्ये मांडले होते, आणि रिकव्हरीची आखणी त्याच सूत्रावर झाली होती. हा खरा प्रभाव कोणत्याही निर्देशांकात मावत नाही.

मूल्यमापनाची ही पद्धत बदलावी, असा आग्रह जगभर धरला जात आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीची किंमत ठरवू नये असे सांगितले, आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सह्या करणे सोपे असते. भारतात आकड्यांचा हव्यास वेगळ्या थराला गेला, कारण येथे निबंधांची संख्या थेट बढतीच्या गुणांशी बांधली गेली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना त्यातून ऊत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची छाननी करताना भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १,००९ नियतकालिके तपासली तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची आढळली. पुढे सुधारित यादीचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात बसवण्यात आले. या सगळ्यात वैद्यकीय शिक्षकांची अडचण विशेष आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये बढतीसाठी निबंधावरील पहिल्या दोनच लेखकांना श्रेय देण्याचा नियम केला आणि पुढे त्यात बदल होत गेले. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर बहुराष्ट्रीय हृदयविकार चाचणीत शेकडो रुग्ण नोंदवतो, रात्री-अपरात्री त्यांचे ईसीजी काढतो, वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करतो, आणि निबंधात त्याचे नाव परिशिष्टातल्या शेकडो नावांत छापले जाते. त्या नियमाच्या काटेकोर हिशेबात त्याच्या खात्यावर शून्य जमा होत असे. आयसिस-२ वर तर मोजण्याजोगा पहिला किंवा दुसरा लेखकच नाही, आणि पैसे भरून छापलेल्या दोन पानांच्या निबंधावर मात्र हटकून दोन लेखक असतात.